फोटोतली प्रयोगशाळा

तुमी आमच्या अण्णांना साधंसुधं समजू नका. दहावीनंतर सायन्सचं कॉलेज शोधायला मी महिनाभर मोबाइलवर डोळे फोडले. शेवटी परभणीतलं एक पसंत पडलं, कारण त्याच्या फोटोत चकाचक प्रयोगशाळा होती. अण्णा म्हणाले, "आधी बघून येऊ." मग आमी बापलेक ताडकळसहून बसनं निघालो.

तिथल्या क्लार्कनं लगेच फॉर्म पुढं केला. मी म्हणलं, "सर, प्रयोगशाळा बघायची होती."

"वेबसाइटवर फोटो आहे की."

"तो बघितलाय. आत जाऊन बघायची."

"चावी सरांकडं आहे, अन् सर गावाला गेलेत."

अण्णा शांतपणे म्हणाले, "मग आमी बी पोरीचा फोटो ठेवून जातो. सर आले की त्यालाच शिकवा."

क्लार्क हसला, पण फॉर्म काही मागं घेईना. "लय चांगलं कॉलेज आहे, काका. डोळे झाकून टाका पोरीला."

"तुमाला लेकरं किती?" अण्णांनी विचारलं.

"एकच पोरगी. तिचाबी परवाच अकरावीला प्रवेश घेतला."

"इथंच ना?"

क्लार्कनं दाराकडं बघितलं, आवाज बारीक केला अन् दुसऱ्याच कॉलेजचं नाव सांगितलं. त्याच दुपारी आमी तिथं फॉर्म भरला.

ती पोरगी आता माझ्याच बाकावर बसते. परवा हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको, पण माझे पप्पा दुसऱ्या कॉलेजात नोकरीला आहेत."

मी म्हणलं, "मला माहीत हाय. त्यांनीच मला इथं पाठवलंय."