पेटीच्या बाजूचं पुस्तक

...शून्य. नाही, मी चुकीचं वाचत नाहीये, तुम्हाला सांगतो, चष्मा पुसून वाचलं, खिडकीशी उजेडात नेऊन वाचलं, मुलीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्वच्छ छापलंय, की माणूस डोक्यावर पेटी घेऊन सपाट रस्त्याने चालला तर त्याने केलेलं कार्य शून्य. आणि वर चित्र. चित्रातला माणूस हसतोय. आता मी बावीस वर्षं लोकांचं सामान हलवतोय, या घरातनं त्या घरात, कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, एकदा तर एका दंतवैद्याची अख्खी खुर्ची... ओझ्याखाली हसणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही. मी तिथेच म्हटलं, यात काहीतरी गोम आहे.

आता हे पुस्तक माझ्या हातात कसं आलं? तर आमची मुलगी विज्ञानात हुशार, माझ्यावर अजिबात गेलेली नाही. चाचणीत तिला प्रश्न आला, एक माणूस चाळीस किलोची पेटी डोक्यावर घेऊन पन्नास मीटर सपाट रस्ता चालला, तर त्याने किती कार्य केले? उत्तर तिला पाठ होतं हो, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण हिने लिहिलं, 'माझे बाबा रोज हेच करतात. उत्तर शून्य येत नाही.' गुण मिळाले शून्य. म्हणजे बघा, शून्य लिहिलं नाही म्हणून शून्य. मॅडम म्हणाल्या, नीट लिहून आण, गुण देते. ही म्हणाली, नाही आणणार. आणि घरी येऊन, दोन महिने खपून प्रदर्शनासाठी बनवलेली पवनचक्की उचलली आणि माळ्यावर फेकली. म्हणे, मला नको ते विज्ञान.

बायको माझ्याकडे बघायला लागली. 'अहो, तुमच्यापायी झालंय, तुम्हीच जा शाळेत.'

'माझ्यापायी?'

'मग? रोज संध्याकाळी दारातनं आत येताना कण्हतं कोण?'

गेलो. कामावरनं तसाच गेलो, कमरेला पट्टा, बरोबर माझा जोडीदार. त्याला आम्ही पैलवान म्हणतो, कारण तो काडीसारखा आहे. त्याला फाटकाशी उभं केलं आणि मी खालच्या प्रयोगशाळेत. मॅडम निवृत्तीला आलेल्या, बारीक चणीच्या, आणि काय गोड बोलल्या, 'या, बसा.' खुर्ची पुढे केली. तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात कुणी खुर्ची पुढे केली की समजायचं, थोड्या वेळाने ती आपल्यालाच उचलायला सांगणार. मी उभाच राहिलो.

'मॅडम, शून्य कसं?'

त्यांनी फळ्यावर बाण काढले. एक वर, एक आडवा. 'हे बघा, तुम्ही पेटीला जोर लावता तो वरच्या दिशेने. पेटी सरकते आडवी. जोर एका दिशेला, सरकणं दुसऱ्या, काटकोनात. म्हणून त्या जोराने केलेलं कार्य शून्य.'

'आणि घाम?'

'घाम खरा आहे.'

'कंबर?'

'कंबरही खरी. तुमची ऊर्जा खर्च होते, भरपूर होते, स्नायूंत तिची उष्णता होऊन जाते. पण पेटीला त्यातली काही मिळत नाही. पेटी होती त्याच उंचीवर, होती तशीच राहते.'

मी थबकलो. 'म्हणजे तुम्ही पेटीला विचारून उत्तर लिहिता?'

'तसंच म्हणा.'

आली का गोम बाहेर? इतकी वर्षं पोरांच्या हातात जे पुस्तक देतायत, ते पेटीच्या बाजूने लिहिलंय. वाहणाऱ्याला कुणी विचारलेलंच नाही. मी म्हटलं, मग पेटीला काही मिळतं तरी कधी? तर मॅडम म्हणाल्या, 'वर उचललीत की. जितकी उंच न्याल तितकी तिच्यात ऊर्जा साठते. स्थितिज ऊर्जा. ते खरं कार्य.' आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं वऱ्हांड्याच्या टोकाला. तिथे एक लोखंडी कपाट. 'आता ते कपाट साठ किलोचं आहे. दोन मजले वर नेलंत, सात मीटर धरा, तर झाले चार हजार दोनशे ज्यूल. कुणी शून्य म्हणू शकणार नाही.'

'ज्यूल केवढा असतो?'

'एक लहान सफरचंद मीटरभर उचललं की साधारण एक ज्यूल.'

चार हजार दोनशे सफरचंदं. आता मला सांगा, ते कपाट तिथेच का होतं? आणि वरच्या प्रयोगशाळेत त्याची जागा तीन महिने रिकामी का होती? उचलायला कुणी तयारच होत नव्हतं, हे मला नंतर शिपायाने सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की बावीस वर्षांत पहिल्यांदा पुस्तकात माझ्या नावावर काहीतरी चढतंय. गोम आहे हे कळत होतं हो, अगदी स्पष्ट कळत होतं, पण माणूस चिडला की त्याला कपाटही हलकं दिसतं. मी पैलवानाला हाक मारली.

पैलवान आला, सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, 'दादा, यातले निम्मे ज्यूल माझे.' मग उचललं. मॅडम पुढे, 'सावकाश हं, डावीकडे, भिंत सांभाळा,' आणि आम्ही मागे. एक मजला. दोन मजले. वरच्या प्रयोगशाळेच्या दाराशी पोचलो आणि पैलवान हळूच विचारतो, 'दादा, दार मोजलंत का?'

नव्हतं मोजलं. बावीस वर्षं दार मोजल्याशिवाय मी उशीसुद्धा उचलत नाही, आणि त्या दिवशी नव्हतं मोजलं. कपाट दारापेक्षा चार बोटं जास्त रुंद. आडवं केलं, तिरकं केलं, कपाटाची दारं काढली, नाही म्हणजे नाही. शेवटी काय करणार... खाली.

खाली जाताना मी सहज विचारलं, 'मॅडम, उतरवायचे वेगळे ज्यूल मिळतात ना?' तर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, 'कपाटाला मिळालेली ऊर्जा परत जाते. जिथून उचललं तिथेच ठेवलं, तर एकूण शून्य.'

हे ऐकून पैलवानाच्या हाताला एकदम घाम सुटला. मधल्या वळणावर त्याची पकड निसटायला लागली, कपाट कललं, मी खालच्या अंगाला, सगळा भार माझ्यावर. आणि तुम्हाला सांगतो, त्या बारीक चणीच्या मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी कपाटाचा कोपरा खांद्यावर घेतला. धरून उभ्या राहिल्या. पैलवानाने हात पुसून पकड घेईपर्यंत मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. कपाट जागचं हललं नाही. मॅडमच्या कोपरापासून बोटांपर्यंत नुसती थरथर, पण सोडलं नाही त्यांनी. माझ्या मनात आलं, या माणसावर मी आल्यापासून संशय घेतोय.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली, आणि जिन्याखाली कोण उभं? आमची मुलगी. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. खोडसाळपणा नाही हो, अगदी मनापासून विचारलं, 'मॅडम, आत्ता तुम्ही किती कार्य केलंत?'

मॅडमना श्वास पुरत नव्हता. म्हणाल्या, 'कपाटावर... शून्य.' मग आम्ही कपाट खाली टेकवलं आणि त्या पायरीवर बसल्या. दंड चोळून घेतला. नंतर म्हणाल्या, 'बाळ, माझा प्रश्न चुकला. मी विचारलं, माणसाने किती कार्य केलं. विचारायला हवं होतं, माणसाच्या जोराने पेटीवर किती कार्य झालं. तीस वर्षं मी हा प्रश्न तसाच घालतेय. कुणी बोललंच नाही.'

मुलीने तिथेच, जिन्यावर बसून, उत्तर लिहून दिलं. 'पेटीवर झालेले कार्य शून्य. बाबांची खर्च झालेली ऊर्जा शून्य नाही.' मॅडमनी पूर्ण गुण दिले, सही केली, ती अजून कागदावर वाकडी दिसते. संध्याकाळी पवनचक्की माळ्यावरनं खाली आली. तिला एकूण शून्य ज्यूल, हे मी स्वतः बोललो, आणि मुलगी इतकी हसली की मलाच मी शहाणा झाल्यासारखं वाटलं.

तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. कारण पोरगी पुन्हा विज्ञानाला लागली, आणि चार पानं पुढे तिला 'शक्ती' सापडली. कार्य भागिले वेळ. म्हणजे तेवढंच ओझं जितक्या लवकर वर न्याल तितकी शक्ती जास्त. आता सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर कामाला येते आणि हातात घड्याळ घेऊन जिन्याखाली उभी राहते... गेल्या रविवारी पैलवानाचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला, आणि तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, सेहेचाळीसाव्या वर्षी मी पलंग घेऊन जिन्यावरनं पळतोय.