ती गोड बोलणारी बाई

...आणि वर सून मलाच विचारते, "आई, किल्ली घेऊन का नाही गेलात?" अहो, मी काय परगावी निघाले होते? उंबऱ्याबाहेर चार पावलं! मधल्या नातवाने जिन्यात चप्पल भिरकावली, ती आणायला! चप्पल आणायला जाताना किल्ली कंबरेला लावून कोण जातं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, तीन नातवंडं आहेत मला. थोरली नऊ वर्षांची, जगात जे जे वाईट घडतं ते ते तिला पाठ. मधला सहाचा, त्याच्या पायात चप्पल टिकत नाही. आणि बारकी चार वर्षांची, दिसायला एवढीशी, पण... येतंच ते पुढे. मुलगा-सून कामावर गेली की तिघं माझ्या हवाली. त्या दिवशी भर दुपारी मी दूध तापत ठेवलं, मधल्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं, मागोमाग थोरली आली मजा बघायला, कुठूनशी वाऱ्याची झुळूक आली, आणि दार... खट्!

नुसतं ओढलं तरी बंद होणारं दार हो! ते लॅच मीच हट्टाने बसवून घेतलंय. किल्ली आत, फोन आत, बारकी आत. आणि गॅसवर दूध!

म्हटलं, त्यात काय एवढं. बारकीला लॅच उघडता येतं, दिवसातून दहा वेळा उघडून जिन्यात पळते कार्टी! दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग आतून इवलीशी पावलं आली... दारापाशी थांबली...

"कोण?"

"अगं, मी! आजी!"

"आजी मोरीत आहे."

आता काय सांगू तुम्हाला, हे सगळं माझंच करणं. आठ दिवसांपूर्वी मीटर बघायला आलोय म्हणून कुणी बाप्या आला, तर हिने दार सताड उघडून त्याला पाणी विचारलं! माझा जीव असा चरकला... तिघांना भिंतीशी बसवलं आणि डोळे वटारून सांगितलं: एक बाई फिरते, कुणाचाही आवाज काढते, आईचा काढेल, माझासुद्धा काढेल, गोड गोड बोलेल, पण दार उघडायचं नाही म्हणजे नाही! शाळेचं तोंड नाही पाहिलं मी, अक्षरं शिकले ती पुड्यांच्या कागदांवरून, पण गोष्ट सांगावी तर मीच. अशी रंगली की मधल्याने अंथरूण ओलं केलं!

"बारके, मी खरी आजी आहे गं. उघड ना राणी... माझं सोनं ते!"

आतून अगदी हळू आवाजात, "माझी आजी मला सोनं नाही म्हणत."

"मग काय म्हणते?"

"कार्टी."

घ्या! आणि तेवढ्यात आला हो वास. दूध करपल्याचा. थोरली नाक वर करून म्हणते, "आजी, करपल्याचा वास येतोय तोवर बरं आहे. म्हणजे ज्योत पेटलेली आहे. दूध उतू जाऊन ज्योत विझली ना, की मग नुसता गॅस येत राहतो. घर भरतं. आणि मग कुणी दिवा लावला की..."

"गप्प बस!"

"बारकीला आता दिव्याचं बटण लावता येतं," मधला म्हणाला. "परवा मीच शिकवलं."

मी दाराशी खाली बसले. म्हटलं, दटावावं का? पण घाबरून स्वयंपाकघरात पळाली तर? पलंगाखाली लपली आणि तिथेच... तरी जीव मुठीत धरून ओरडले, "कार्टे! उघड दार!" पण तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही. चिरकला. कापरा झाला.

"तू रडतेयस," आतून बारकी म्हणाली. "माझी आजी रडत नाही."

आणि गॅसवर दूध! नाही... करपल्याचा वास कमी व्हायला लागला होता. थोरली काही बोलेना. ती गप्प झाली तशी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आतून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज... स्टूल! कशाला ओढतेय ही स्टूल? कुठे नेतेय?

तेव्हा शेजारचं दार उघडलं. मास्तरीण! अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. जिन्यात मी माझ्या हाताने पाटी लिहून लावली होती, 'इथे थुंकू नये' म्हणून, तर हिने तिच्यावर लाल पेनने दुरुस्त्या केल्या! मेले असते, पण तिच्याशी बोलले नसते. त्या दिवशी मी तिच्यासमोर हात जोडले. "बाई, आत पोर आहे... गॅस आहे... मी आजी आहे हे तिला पटत नाहीये..."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला. दारावर मूठ आपटली, आणि...

"अगं ए भवाने! उघडतेस की येऊ आत? तंगडं मोडून हातात देईन! एक म्हणायच्या आत दार उघड, मेले!"

माझा आवाज! हुबेहूब! मधला दचकून मलाच चिकटला!

खट्. दार उघडलं. "आले ना आजी, ओरडतेस काय?"

मी धावले. शेगडीवर काळं भांडं, खाली ज्योत नाही, आणि बारीक, सापासारखं... स्स्स्... बटण पिळलं, खिडक्या उघडल्या. मास्तरीण सवयीने दिव्याकडे हात नेत होती, तिचं मनगट असं धरलं की वळ उठला बिचारीच्या. आणि स्टूल? स्टूल दिव्याच्या बटणाखाली उभं होतं हो. मोरीतली आजी अंधारात आहे म्हणून हिला दिवा लावायचा होता.

मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. मी विचारलं, "कुठे शिकलात हे?" ती म्हणाली, "भिंत पातळ आहे. अकरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तुमचाच तास चालू असतो."

तोवर बारकी येऊन मांडीत बसली, माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "आजी, तू मोरीत होतीस ना, तेव्हा ती बाई आली होती. गोड बोलणारी. खूप रडत होती. पण मी दार नाही उघडलं."

आता सांगा, काय म्हणू मी? ती मीच होते म्हणू? की इतकी वर्षं घरात ओरडतेय ती खरी, आणि रडत होती ती खोटी? तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हटलं, "शाब्बास, कार्टे!" तेसुद्धा जरा दरडावूनच हो... गोड बोलले असते तर पुन्हा घराबाहेर काढलं असतं तिने मला!