पासंगाचे दोन शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले थोरले साहेब, म्हणजे माझे यजमान. डाव्या हाताला बसलेले धाकटे साहेब, म्हणजे माझे दीर. व्यासपीठाच्या कडेला पुष्पगुच्छ सांभाळत उभी असलेली माझी जाऊ. पहिल्या रांगेतले व्यापारी मित्र, दुसऱ्या रांगेतले आप्तेष्ट, आणि तिथून थेट दरवाजापर्यंत दाटीवाटीने बसलेले आमच्या कारखान्यातले सगळे बंधुभगिनी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. भाषणही दिलं आहे, साहेबांनी स्वतः लिहून. चांगलं भाषण आहे. त्यात साहेबांविषयी एकही वावगा शब्द नाही. ते मी घरी टेबलावरच ठेवून आले. वाऱ्याने उडू नये म्हणून वर बशी पालथी घातली आहे, तेव्हा त्यांनी काळजी करू नये.

सुरुवातीला एक विनंती. मघापासून बघतेय, तुम्ही मंडळी साहेबांच्या डोक्यावरून मागच्या फलकाकडे बघताय आणि एकमेकांना कोपराने ढोसताय. जरा धीर धरा. आणि दोन्ही साहेबांनी कृपा करून मागे वळून पाहू नये, या वयात मान लचकते. फलक कुठे पळून जात नाही.

तर, आमचं घराणं वजनकाट्यांचं. या शहरात वांगी तोला, सोनं तोला, नाहीतर औषधाची पूड, काटा आमचाच असतो. माझे सासरे, म्हणजे आपले मोठे साहेब, यांनी हा कारखाना शून्यातून उभा केला. सगळं आयुष्य त्यांनी दोन पारडी सारखी करण्यात घालवलं आणि तीच सवय घरात आणली. एका मुलाला एक लाडू, तर दुसऱ्यालाही तेवढाच, आणि शंका आली तर तोलून. मुलांची लग्नं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकाच मध्यस्थाकडून, एकाच आठवड्यात, दोन मुली ठरवल्या. माझे वडील पत्र्याचे व्यापारी. या माझ्या जावेच्या वडिलांचा रंगाचा कारखाना. काट्याला लागतं काय? पत्रा आणि रंग. मी पत्र्याबरोबर आले, ही रंगाबरोबर आली. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारतात हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मोठ्या साहेबांनी मग आपला तो सुप्रसिद्ध नियम केला. एक वर्ष थोरला कारखान्याच्या खुर्चीवर, पुढचं वर्ष धाकटा. आणि खुर्चीबरोबर घरातली वरची खोली. ती मोठी, गॅलरीची, सकाळी ऊन येणारी. ज्याची खुर्ची त्याची खोली. दुसऱ्याने खालच्या खोलीत राहायचं, जिथे भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे. म्हणून दरवर्षी, ठरल्या दिवशी, आमच्या जिन्यावरून एक पलंग वर जातो आणि एक खाली येतो. आपले सुतारदादा मागे उभे आहेत, त्यांना विचारा. पलंग खोलण्यात आणि जोडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांच्या कष्टांची इथे नोंद घेतली नाही तर तो अन्याय होईल.

मोठे साहेब गेले आणि काटा हलला. नव्या काट्याच्या पाटीवर आधी कुणाचं नाव घालायचं, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. ते आजतागायत बंद आहे. आता भाऊ भांडले तर जावांनी काय करायचं? ‘जावा जावा, उभा दावा’ असं आपल्याकडे म्हणतातच. आम्ही ती म्हण खाली पडू दिली नाही.

मला हिचा हेवा वाटायचा, उघड सांगते. ही गोरी, ही हसरी, हिच्या हाताला चव. माझे यजमान जेवताना मान वर न करता म्हणायचे, “धाकटीकडून शिक जरा.” त्यांना वाटायचं हे उत्तेजन आहे. नंतर मला कळलं की त्याच वेळी खालच्या खोलीत धाकटे साहेब हिला म्हणत असायचे, “थोरल्या वहिनी बघ, किती हुशार.” म्हणजे दोघांनाही बायकोचं कौतुक करता येत होतं, फक्त दुसऱ्याच्या. खोली सोडून जाताना मी सगळे दिवे काढून नेत असे. एकदा खिडकीच्या कड्याही नेल्या. पुढच्या खेपेला मी वर गेले, तर हिने समोरची भिंत पोपटी करून ठेवलेली. रंगवाल्यांची लेक! वर्षभर मी त्या भिंतीकडे पाठ करून झोपले. अध्यक्षांना सगळं दिसत होतं, पण त्या डोळे मिटून बसायच्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. दोघा साहेबांचं एका बाबतीत एकमत होतं. एकमेकांच्या समोर बसायचं नाही. पण भागीदारांची सभा तर भरवावी लागते, कायदाच आहे. मग काय करावं? थोरल्यांनी ठरवलं, आपण जायचं नाही, बायकोला पाठवायचं. आपलं मत तिने द्यायचं, सहीचा अधिकार तिला. धाकट्यांनाही अगदी हेच सुचलं. सख्खे भाऊ ते शेवटी. आणि दोघींना बजावणी तीच: समोरून जे येईल त्याला विरोध कर.

पहिल्या सभेला आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मध्ये आपले सेक्रेटरी. त्यांनी विषय वाचावा, मी ‘हो’ म्हणावं, हिने ‘नाही’ म्हणावं. मग हिने ‘हो’, मी ‘नाही’. सगळे विषय लटकले. शेवटचा विषय होता जोडणी खात्यातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह. माझ्या बाजूने आलेला. ही उठली आणि “आलेच” म्हणून बाहेर गेली. बराच वेळ आलीच नाही. परत आली तेव्हा तोंड लालबुंद झालेलं. सेक्रेटरींनी विचारलं, “आपलं मत?”

ही म्हणाली, “मला विरोध करायला सांगून पाठवलंय. पण मी आत्ता तिकडे जाऊन आलेय. लिहा, मंजूर.”

“आणि विरोध?”

“तो मी घरी जाऊन करीन.”

मला हसू आवरेना. लग्नानंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो ते त्या दिवशी, पहिल्यांदा. मग चहा मागवला, आणि लटकलेले सगळे विषय चहा संपायच्या आत मंजूर झाले.

त्या दिवसापासून, मंडळी, कारखाना आम्ही चालवला. साहेब आळीपाळीने खुर्चीवर बसले, हे मी नाकारत नाही. बसण्याचं काम त्यांनी निष्ठेने केलं. पण घरी ही गोष्ट कळली असती तर दुसऱ्याच दिवशी आमचा अधिकार काढून घेतला असता. म्हणून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य चालू ठेवणं भाग होतं. मग भांडणं आम्ही आधी ठरवायचो. विषय मी निवडायची, आवाज ही चढवायची, तिला तो साधतो. गेल्या वर्षी अंगणात जे महायुद्ध झालं, ज्यात तिने माझी बोथट झालेली विळी भिंतीवरून पलीकडे भिरकावली, ते अख्खं बसवलेलं होतं. नवी विळी मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. दोन्ही साहेब त्या संध्याकाळी किती खूश होते! आपली बायको आपल्या बाजूने किती जिवावर उदार होऊन भांडते, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावरून ओसंडत होतं. नवऱ्याला इतकं सुख देणाऱ्या बायका तुम्हाला शोधून सापडणार नाहीत.

हे असंच चाललं असतं. आम्हाला सवय झाली होती. पण मागच्या महिन्यात साहेबांनी जेवताना मला सांगितलं, मुलीचं ठरवलंय. ओतकामाच्या भट्टीवाल्यांकडे. काट्याची लोखंडी बैठक आपल्याला त्यांच्याकडूनच येते. सोयरीक झाली की धाकट्याचं पारडं कायमचं वर जाईल. मी विचारलं, “तिला विचारलंत?”

साहेब म्हणाले, “तुला कुणी विचारलं होतं? काय बिघडलं तुझं?”

मी हातातला डाव खाली ठेवला. ते पुढे आमटी वाढून घेऊन जेवले.

ही बातमी खालच्या खोलीत पोचायला कितीसा वेळ लागतो? दोन दिवसांत धाकट्या साहेबांनी आपल्या मुलाचं स्प्रिंगवाल्यांच्या मुलीशी नक्की केलं. माझी मुलगी, जिला तुम्ही सगळे तपासणी खात्यात डोळ्यांना भिंग लावून बसलेली ओळखता, ती रडली नाही, ओरडली नाही. रात्रीची भांडी पुसता पुसता तिने एवढंच विचारलं, “आई, त्या घरातही दरवर्षी सामान हलवतात का गं?”

मला त्या वेळी जे वाटलं ते मी इथे सांगणार नाही. वर गेले आणि बराच वेळ त्या पोपटी भिंतीसमोर बसले. सकाळी हिच्याकडे गेले. तालीम नव्हती, भांडण नव्हतं, सरळ दार वाजवलं. ती तयारच होती. म्हणाली, “ताई, मी तुमचीच वाट बघत होते.”

पासंग म्हणजे काय, हे या सभागृहात तरी सांगायला नको. दुसऱ्या रांगेसाठी सांगते. एक पारडं हलकं पडलं की त्याला खाली बारीकसा तुकडा बांधतात, तो पासंग. त्याची किंमत कुणी करत नाही. आम्ही दोघी पासंग म्हणून या घरात आलो, आणि आता आमच्या मुलांना पासंग करायला निघाले होते. पण पासंग काढून घेतला की काटा कुठे जातो, हे काटेवाल्यांनीच विसरावं?

तर आज सकाळी भागीदारांची वार्षिक सभा झाली. नेहमीप्रमाणे दोन्ही साहेब आले नाहीत. नेहमीप्रमाणे आम्ही दोघी होतो. फक्त या खेपेला अध्यक्षाही आल्या. त्यांचा छोटासा हिस्सा आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो, त्या सोडून. ठराव असा की थोरले साहेब आणि धाकटे साहेब यांनी कारखान्यासाठी वेचलेल्या वर्षांचा आदर राखून दोघांना आजपासून निवृत्त करण्यात येत आहे. मी थोरल्या साहेबांचं मत दिलं. हिने धाकट्या साहेबांचं दिलं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “जिन्यावरून पलंग जाताना माझ्या काळजाचं पाणी होतं. मंजूर.” म्हणजे ठराव एकमताने झाला. दोन्ही साहेबांनी स्वतःच्या निवृत्तीला स्वतः मत दिलं आहे. एकमेकांसमोर न बसणं सोडलं, तर इतक्या वर्षांत त्यांचं एकमत पहिल्यांदाच झालं, याबद्दल मी दोघांचं अभिनंदन करते.

आता खुशाल मागे वळून बघा. निमंत्रणपत्रिकेवर गौरव समारंभ होतं, फलकावर निरोप समारंभ आहे. आपले रंगारी दादा दुपारी शिडीवर चढून अक्षरं बदलून गेले. रंग अजून ओला असेल, हात लावू नका.

साहेब, बसा. पाणी घ्या. सेक्रेटरींकडे पाहून उपयोग नाही, त्यांनी सगळं नियमात बसवलेलं आहे.

कारखान्याची खुर्ची आता एकच, आणि ती धाकटीची. नाव मी सुचवलं. हेवा पुरता गेला असं नाही, आजची तिची साडी बघून मघाशीच थोडा झाला, पण हिशेबात ती माझ्याहून पक्की आहे. आता कुणाचं पारडं जड करायचंच नाही, त्यामुळे भट्टीवाले आणि स्प्रिंगवाले, जे पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांच्याकडून माल तेवढा येत राहील. मुलं लग्न करतील तेव्हा ती आम्हाला सांगतील. नाही सांगितलं, तरी जेवायला बोलावतील अशी आशा आहे.

साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. माझं काय बिघडलं? फार काही नाही. घर मिळालं, मूल मिळालं, एक जीवाभावाची बहीण मिळाली. तुम्ही तेवढे मिळायचे राहून गेलात. त्याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं.

समारोप करते. कारखान्यातल्या भगिनींचे आभार, त्यांनी सभेतल्या बातम्या कधी बाहेर नेल्या नाहीत. सेक्रेटरींचे आभार. अध्यक्षांचे आभार, त्या झोपल्या आहेत असं आम्ही समजत होतो. आणि खास आभार सुतारदादांचे. आज ठरलेला दिवस आहे, आणि आपण इथे बसलो असताना त्यांच्या माणसांनी शेवटची हलवाहलव केली. वरच्या खोलीत आता मी आणि धाकटी राहू, पोपटी भिंतीसकट. दोन्ही साहेबांचे पलंग खालच्या खोलीत शेजारी शेजारी लावले आहेत. दिव्याचं बटण मधोमध आहे. दिवा कोणी मालवायचा, एवढं तरी त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल.

बोलण्याच्या भरात पाचाहून जरा जास्तच मिनिटं झाली, कुणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्यावी. बाहेर सगळ्यांसाठी जेवण आहे. नमस्कार.