सखूमावशींची गोष्ट

अरे, धरणापाशी आठवडाभर कविता, गाणं आणि पुराणकथांचं शिबिर होतं, त्याला मी गेलो होतो ना, तिथली गंमत ऐका. नियम एकच. कुणी ऐकवत असताना डोळे मिटायचे आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. शेवटच्या सकाळी आम्ही स्वयंपाकाच्या सखूमावशींना आग्रह करून गोष्ट सांगायला बसवलं.

"गोदा रुसली," मावशी म्हणाल्या, "आन् डोंगर उतरून एकलीच निघाली."

थांबल्या. आम्ही गप्प.

"वाटंत रान लागलं, लय दाट."

पुन्हा थांबल्या. काय ती शांतता! पाण्यावरून गार वारा येत होता, आणि मला तर गोदेची पावलंच ऐकू यायला लागली. शेजारचे कवी मुसमुसत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

डोळे उघडले तर मावशींची जागा रिकामी. त्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या.

"मावशी, गोष्ट अर्धीच सोडली?"

"एकानं तरी हुंकार द्यावा! हं नाय, हूं नाय. मला वाटलं, निजली समदी."

"अहो, पण गोदेचं पुढे काय झालं?"

भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "पोचली की ती. तुमी निजले व्हते तवा."