सोबतीला बसणारा

भावांनो, अक्कांनो, जयभीम. नमस्कार. सलाम.

मला भाषण येत न्हाई. नवऱ्याच्या चपला अजून दारातच हायेत, आणि तुम्ही म्हणालाव, 'अक्का, दोन शब्द बोला.' पण बोलते. कारण आत्तापातूर जे बोलले त्यांनी लक्ष्मणअण्णांना देवच करून टाकलं. देव केलं की बरं असतंय. देवाला कुणाची गरज पडत न्हाई.

तुमचे अण्णा काय करायचे? बसायचे. दुसरं काय न्हाई. कुणाचं कचेरीत काम असलं की त्याच्यासंगं जायचे आणि साहेबाच्या टेबलापुढच्या बाकड्यावर बसायचे. बोलायचे न्हाईत. लांबच्या राजेश्वर गावापातूरची माणसं त्यांना न्यायला यायची. कारकून कानडीत विचारायचा, 'यार इवरू?' हे कोण? अण्णा म्हणायचे, 'सोबतीला आलोय.' तेवढंच. तिसरा माणूस समोर बसला की 'चहापाण्याचं बघा' म्हणायला जीभ रेटत न्हाई. काम व्हायचं. उशिरा व्हायचं, तोंड वाकडं करून व्हायचं, पण व्हायचं.

मी भांडायचे. 'दुसऱ्याच्या कामापायी आपला रोज कामून बुडवायलाव?' तर म्हणायचे, 'अगं, खाणाऱ्याला एकटा माणूस लागतो. दुसरा बघत बसला की घास उतरत न्हाई.'

मधी गुलबर्ग्याहून मोठे साहेब आले. लाच घेणार न्हाई, देणार न्हाई, अशी सगळ्यांना शपथ दिली. कचेरीच्या दारात तक्रारपेटी टांगली. पेटीची किल्ली कुणाकडं? चहापाणी मागणाऱ्या त्याच कारकुनाकडं. कुंपण शेत खायलंय म्हणून राखणीला पुन्हा कुंपणच. अण्णा हसले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

मग आमचंच काम निघालं. आम्ही राहतो त्या घरजागेचं हक्कपत्र. अण्णा म्हणाले, 'आता मला कुणीतरी लागंल.' मी म्हणाले, 'मी येते की.' तर म्हणाले, 'तू घरची. तुझी साक्ष कोण धरतंय?' मग ते घरोघर फिरले. इथं बसलेल्यांच्याच घरी. नावं घेत न्हाई, माना खाली गेलेल्या दिसायल्यात मला. एकाची तूर काढायची होती. एकाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. एक म्हणाला, 'अण्णा, तुम्हाला कशाला सोबत? तुम्हाला बघूनच ते भितेत.'

एकटेच गेले. इथल्या कचेरीतल्या साहेबानं आत बोलावलं, दार लावलं. जरा वेळानं साहेबच ओरडत बाहेर आला, हा माणूस मला लाच द्यायलाय म्हणून. टेबलावर नोटा होत्या. कुणी ठेवल्या? बघायला तिसरा माणूस न्हवता. ज्या माणसानं जन्मभर कुणाला पैसा देऊ दिला न्हाई, त्याला दिवस मावळंपातूर ठाण्यात बसवलं. माफी लिहून घेतली.

साहेबावर माझा राग न्हाई. त्याचा तो धंदाच. पण दुसऱ्या दिवशी पारावर तुम्ही काय बोललाव? 'शेवटी अण्णांनीबी दिलेच की.' व्हय का न्हाई?

त्यानंतर त्यांना न्यायला कुणी आलं न्हाई. रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून दारात बसायचे. रस्त्याकडं बघायचे. तसेच एका सकाळी बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पडलं असंल. मला विचाराल तर त्यांना तुम्ही मारलं.

आज किती माणसं आलाव. मांडव पुरंना झालाय. त्या दिवशी एक पाहिजे होता. एकच.

आता म्हणतेत, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. उभं राहू नका. अण्णा कुणासाठी उभे राहिले न्हाईत, बसले. आमचं हक्कपत्र अजून कचेरीतच हाय. उद्या सकाळच्या मोटारीनं मी जाणार. यायचं त्यानं या. भांडायचं न्हाई, घोषणा द्यायच्या न्हाईत. कुणी विचारलं तर म्हणायचं, सोबतीला आलोय.

जमंल का? गप्प बसायची सवय तर तुम्हाला हायच. तेवढं एकदा कचेरीत येऊन बसा.

आता बसल्या जागीच गप्प राहा. अण्णांसाठी. मी बघायले, कोण कसं बसतंय.