वीरेंद्रची सुट्टी

नाही नाही, सुट्टीले माही ना नाहीच, समीक्षा. मागितली, भेटली. इतके दिवस आपल्या दालमिलमधी बिलं करून राह्यली तू, डोकं दुखलं म्हनून बी कधी घरी नाही राह्यली — मंग एक दिवस मागितला तर हा दौलतराव नाही म्हनन काय? मी फक्त इचारून राह्यलो. मावसबहिणीचं साक्षगंध हाये, अकोल्याले. बरं. पन पौषात, पोरी? पौषात साखरपुडा कोन करते? — आता खाली कायले पाहते, मी काही रागावलो नाही. असन बाप्पा, आजकालचे लोक पौष-बिष पाळत नसतील. पन सकाळी तुहा बाप भेटला मले, मुकेश, वांग्याचे कॅरेट घेऊन फाट्यावर उभा होता. म्हनलं, मुकेशभाऊ, साळीच्या पोरीचं जमलं म्हने. तो पाहतच राह्यला माह्याकडं. मंग म्हने, हो हो, जमलं. तुह्या बापाले खोटं बोलता येत नाही. साधा मानूस हाये. त्याले कायले लावते तू असल्या कामाले?

बस, चहा सांगितला मी. घाई काय हाये? बिलं होतात मंग.

तुले एक सांगतो. तो दिसते ना खिडकीतून, पट्ट्यापाशी — तूर वर चढवते तो पट्टा — तिथं उभा हाये तो वीरेंद्र. तू आली तवापासून त्याले असाच पाहून राह्यली असशीन. कोनाशी बोलत नाही, डबा खाते तो बी तिथंच उभ्या उभ्या. नवीन लोक मले इचारतात, भाऊ, हा मुका हाये काय? मुका नाही. पहिले गाने म्हने तो. मशीन चालू असली की त्याचा आवाज मशीनच्या वर. किन्हीराजाच्या इकडच्या तांड्यावरचं पोरगं, बाप लालसिंग ऊसतोडीले जाये, माय बी जाये, हा आजीजवळ राहून आयटीआय शिकला. मी ठेवला त्याले. काहीच येत नव्हतं, इथं शिकला सगळं. आन शिकला की काय होते पोरायले? पंख फुटतात. फुटावे, मी नाही म्हनत नाही. पन मालकाले सांगून फुटावे.

त्यानं सुट्टी मागितली — मायचे डोळे. म्हने भाऊ, मायच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये अकोल्याले. म्हनलं जाय बाप्पा, मायपेक्षा मोठं काय हाये. गेला. पंधरवडा नाही झाला तं दुसऱ्या डोळ्याचं. जाय. त्याच हप्त्यात मी गेलो रिसोडच्या बाजारात, तं काय पाहतो — रुखमाबाई. त्याची माय. बिसातीच्या दुकानावर उकिडवी बसून सुईत दोरा ओवून पाहून राह्यली, सुई चांगली हाये का नाही म्हनून. एका झटक्यात ओवला. मी पाठीमागं उभा. काही बोललो नाही, राम राम बी नाही केला. वापस आलो आन दुसऱ्या दिवशी वीरेंद्रले म्हनलं, मायची काळजी घे रे, अजून पाह्यजे असन सुट्टी तं सांग. त्याच्या डोळ्यात पानी आलं. मले म्हने, भाऊ, तुमी देवमानूस हाये.

आता तू म्हनशीन, तवाच कायले नाही बोलले. बोलून काय होते, पोरी? बोललं की मानूस हुशार होते. नाही बोललं की तो आपल्याच पायानं फिरून येते.

मले कसं कळलं? कळते. कुठं बी इंटरव्यू देल्ला की ते इचारतात, आता कुठं करता काम? मंग मले फोन येते. पहिला आला तवा मी घरी जेवत होतो. एमआयडीसीतला कोनी साहेब — तुमच्याकडं वीरेंद्र राठोड म्हनून ऑपरेटर हाये का, पोरगं कसं हाये? आता माही शपथ घेऊन सांगतो, मी त्याच्याबद्दल एक वाईट शब्द नाही काढला. कधीच नाही काढला. मी म्हनलं, वीरेंद्र... काम येते त्याले. आन थांबलो. बस, थांबलो थोडं. घास चावून घेतला. तिकडून साहेब म्हने, समजलं, धन्यवाद. आता काय समजलं त्याले, मले काय मालूम? फोनवर मानूस थांबला की समोरचा आपल्या मनानं भरून घेते. दुसरा फोन आला, तिसरा आला. दरवेळी मी तेवढंच बोललो. वीरेंद्र इकडं येऊन तोंड पाडून बसे. मी इचारो, मायचं कसं हाये? तो म्हने, बरं नाही, भाऊ.

खरंच बरं नव्हतं ना त्याचं. म्हंजे ते खोटं बी नव्हतं.

घे, चहा घे. थंडा होते.

मंग त्यानं काय केलं — कोनीतरी शिकवलं असन — एका ठिकानी माह्या मिलचं नावच नाही सांगितलं. दुसरंच सांगितलं काही. तं मले फोनच नाही आला. माघ लागला होता, तुरीची आवक अशी की अंगनात पाय ठेवाले जागा नाही, आन हा म्हने भाऊ, एक दिवस पाह्यजे, मायले दाखवाचं हाये. म्हनलं जाय. हो, म्हनलंच मी. मनात आलं होतं की या दिवसात नाही म्हना लागते. पन म्हनलं जाय.

त्या दिवशी सकाळी येऊन तो मशीन लावून देऊन गेला, मंग पट्ट्यावर मी रामधनले उभं केलं. हमाल होता रामधन, पोते उचले, मशीनची काही सवय नाही. दुपारच्या पहिले त्याचा उजवा हात गेला. पट्ट्यात. मिल बंद करेपर्यंत — जाऊ दे. कोपरापासून काढा लागला वाशिमले. त्याची बायको हिरीबाई, ती गेटपाशी बसली, रडे बी नाही. सगळे हमाल जमले, गावातले लोक आले, पोलीस पाटील आला. जो तो एकच इचारे, ऑपरेटर कुठं हाये? मी काय सांगाव? सुट्टीवर हाये म्हनलं. पट्ट्याच्या तोंडाले लोखंडी जाळी राह्यते, हात जाऊ नाही म्हनून. ती जाळी नव्हती. जाळी बसवाचं काम कोनाचं? ऑपरेटरचं. हे मी नाही म्हनलं, लोकायनंच म्हनलं.

आन त्याच टायमाले अकोल्याची एसटी फाट्यावर थांबली. वीरेंद्र उतरला. नवा सदरा, भांग पाडलेला, हातात पेढ्याचा पुडा. झालं होतं त्याचं काम, कळलं ना? हो म्हनले होते ते लोक. एवढे लोक गेटपाशी पाहून त्याले वाटलं असन काय झालं — हसतच आला, अर्ध्यात थांबला. मी समोर गेलो. सगळ्यायच्या देखत म्हनलं, ये वीरेंद्र. मायचे डोळे कसे हायेत?

तो बोललाच नाही. तवापासून नाही बोलला म्हन ना. पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून हिरीबाईजवळ जाऊन खाली बसला.

गेला नाही मंग तो अकोल्याले. मी काही अडवलं नाही त्याले, दार उघडं होतं. तांड्यावर बी लोकायनं त्याले सोडलं नाही, लालसिंगची मान खाली गेली. आता तीज असो, दिवाळी असो, सुट्टी मागत नाही. संध्याकाळी इथून सुटला की रामधनच्या घरी जाते, त्याले घास भरवते, आंघोळ घालते, म्हनतात. आन बोल्ट — तू पाह्यलं असशीन — जाळीचे बोल्ट घडीघडी चाचपते. चाचपला की परत चाचपते. त्याले सोताले आता आठवत नाही ना, त्या सकाळी घाईत जाळी बसवली होती का नाही. इतक्या दिवसात तेवढं एकडाव बोलला, मले इचारलं त्यानं, भाऊ, मी बसवली नसन काय? मी काय सांगाव? मी थांबलो थोडं.

म्हनून म्हनतो, पोरी, सुट्टी काही वाईट नसते. पन आपन खोटं बोलून जातो आन मांगं काय होऊन जाते ते —

काय म्हनलं? जाळी कोनं काढली म्हंजे? कोनं काढली म्हंजे काय? तुले काय करा लागते? तू होती काय तिथं? इथं बसून बिलं करनं सोपं हाये — अंगनात गाड्या उभ्या, तूर ओली, जाळीपाशी माल अडके, घडीघडी पट्टा बंद, हमाल बसून राह्यलेले, तू असती तं काय केलं असतं? बसवली होती त्यानं. चांगली कसून बसवली होती, निघता निघत नव्हती. मीच काढाले लावली. पाना माह्याच हातानं देल्ला रामधनले, म्हनलं काढ ते लेकाचं, संध्याकाळी लावून घेऊ. त्याचं घर आता माह्या पैशावर चालते, तो कोनाले कायले सांगन? मालकाले असे निर्नय घ्याच लागतात, तुमाले नाही समजत ते, तुमी आपले —

मिलचा आवाज कवा बंद झाला?

लाईट गेली काय? मी मघाचपासून एवढ्या मोठ्यानं — मिल चालू असली की वरडूनच बोला लागते, सवय पडली. कवा गेली, समीक्षा? पाना म्हनलो तवा गेली का त्याच्या आधी गेली?

दाराकडं काय पाहून राह्यली तू?

अरे. वीरेंद्र. ये ना. जनरेटर लावू का म्हनून इचाराले आला असशीन — लाव ना, त्याले काय इचाराचं. कवाचा उभा हाये तू? काही नाही रे, हिच्या सुट्टीचं चाललं होतं आमचं. बोल ना काही. खुर्ची घे, बस. चहा घेतो काय? असा काय पाहून राह्यला लेका.

समीक्षा, तू कायले उठली? देल्ली म्हनलं ना सुट्टी, उद्या जाजो, जिथं जायचं तिथं जाजो, फोन आला तं चांगलंच सांगीन मी. पन आता नको जाऊ. वीरेंद्र, तिले वाट कायले देऊन राह्यला — समीक्षा. बस. दोन मिनिटं बस, पोरी.