आटलेलं दूध

बालरोगतज्ज्ञांकडे नातीला घेऊन आलेले निवृत्त हेडमास्तर नंबराची वाट पाहत होते. समोर सासू-सुनेची जुंपली होती.

“आटलेलं दूध परत येतं का कुठे?”

“येतंय, आई. माझी औषधं चालू होती म्हणून पाजणं थांबवलं होतं. आता रोज छातीला लावते.”

“बाटलीत काय वाईट आहे? माझा मुलगा बाटलीवरच वाढला.”

“म्हणूनच अजून सगळं हातात द्यावं लागतं.”

बाळाने भोकाड पसरलं. सुनेने त्याला छातीशी धरलं.

“अगं, इथे? चारचौघांत?”

“भूक त्याला इथेच लागलीय.”

रडणं थांबलं.

“गिळतोय का गं?”

“गिळतोय. ऐका ना.”

सासूने कान लावला. मग ती हेडमास्तरांवर कडाडली, “तुम्ही काय ऐकताय? तिकडे तोंड करा!”

हेडमास्तर मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून बसले.